विद्युतकुमारची इजाबाई

लिहिणाऱ्यांनी लिहावं आणि वाचणाऱ्यांनी वाचावं, असं मी आजवर समजत आलो. मी वाचणाऱ्यांतला. आमच्या घरात माझ्याआधी कागदावर जे काही उमटलं ते डाव्या हाताच्या अंगठ्यानेच. तेव्हा एखाद्या माणसाबद्दल चार पानं लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे, याची मला कल्पना आहे. त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांना ही माफी ऐकवली असती, तर त्यांनी हातातला कुंचला थांबवून, मान तिरपी करून एवढंच विचारलं असतं, “काऊन?”

'काऊन' म्हणजे 'का'. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी तेवढं सांगतो. पण दोन्हींत फरक आहे. 'का' विचारलं की माणूस कारण सांगतो. त्यांनी 'काऊन' विचारलं की कारण तोंडातच राहायचं आणि वैताग यायचा.

खामगावात त्यांना सगळे नुसतं पेंटर म्हणत. आम्ही कॉलेजची मुलं पेंटरचाचा म्हणायचो. मोटारस्टँडच्या मागे, सायकलवाला आणि पिठाची गिरणी यांच्यामध्ये त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. गिरणीतलं पीठ उडून ओल्या पाट्यांवर बसायचं, त्यामुळे गावातल्या निम्म्या पाट्या हाताला खरखरीत लागत. महाराष्ट्र नुकताच झाला होता. सरकारी कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं 'मुंबई राज्य' पुसून नवं नाव घालायचं काम चाचांकडे होतं, आणि त्यात त्यांनी दोन पावसाळे काढले. कोणी घाई केली तर म्हणत, “राज्य येऊन बसलं ना बावा. आता कुठी पळून राह्यलं थे?”

रंग कालवला की ते आधी स्वतःच्या डाव्या हातावर, कोपराखाली लावून पाहायचे. त्या हाताकडे पाहून आज गावात कुणाची पाटी झाली ते सांगता यायचं. माणसाच्या अंगाचा रंग मात्र त्यांनी कधी विकतचा वापरला नाही. त्यासाठी मिळणारा गुलाबीसर रंगाचा डबा फळीवर होता, पण झाकणसुद्धा न उघडलेला. गेरू, पिवळी पेवडी आणि थोडी काजळी घेऊन ते घोटत बसत, हातावर एक पट्टा ओढत, आणि तो पट्टा हातावर दिसेनासा झाला की म्हणत, “जमला.”

तुमच्याही गावात असा एक कारागीर असेल. काम उत्तम, आणि सांगितलेलं काम कधीच नाही.

सलूनवाल्याने त्यांना पाटीवर एक गोरा, कुरळ्या केसांचा, हसरा तरुण काढायला सांगितला. शहरातल्या सलूनवर असतो तसा. चाचांनी सलूनवाल्याच्या वडिलांना काढलं, मिशांसकट, पुढून थोडं टक्कल. सलूनवाला धावत आला. “पेंटर, गिऱ्हाईक पळून जाईन ना हे पाह्यून.”

“काऊन? तुह्या बापाले पाह्यून तू तं नाई पळाला.”

तालमीच्या पोरांनी दारावर पहिलवान मागितला. यांनी काढला तो पलीकडच्या मोहल्ल्यातला, ज्याने गेल्या जत्रेत याच पोरांना चीत केलं होतं. पोरं दुकानावर चालून गेली तर हे बिडी पेटवत म्हणाले, “तुम्हीच म्हणलं, ताकतवान काढा. माह्या पाहण्यात थोच हाये.” पहिलवान तसाच राहिला. त्याच्याकडे खुनशीने पाहत पोरं जोर काढू लागली. जोर मात्र वाढले, असं ऐकलं.

हे सगळं ठाऊक असून मी त्यांच्याकडे गेलो, हा माझा मूर्खपणा.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पिंपळगाव राजाहून आलेला. पहिल्या वर्षी, पहिल्याच तासाला, सरांनी नाव विचारलं आणि मी “मले म्हणता का?” असं म्हटलं. वर्ग हसला. त्या दिवसापासून मी छापील मराठी बोलायला शिकलो. अक्षर चांगलं म्हणून मराठीच्या सरांनी मला भित्तिपत्रकाचा संपादक केलं. भिंतीवर लावायचा लाकडी फलक, त्यावर कविता, लेख, सुविचार. ते कोणी वाचत नसे. सर म्हणाले, “या वेळी काहीतरी चित्रमय करा. पाहुणे उद्घाटनाला येणार आहेत.”

माझ्या खोलीसोबत्याकडे एक इंग्रजी चित्रकथा होती. त्यात एक महापराक्रमी पुरुष होता. अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, पाठीवर उडणारं वस्त्र. तो एका हाताने आगगाडी थांबवायचा. मला तो फार आवडला. मी आपला एक तसाच पुरुष तयार केला, गोष्ट लिहिली, आणि त्याला नाव दिलं विद्युतकुमार. मला वाटलं होतं, हा फलक लागला की 'मले' म्हणणारा मुलगा लोक विसरतील.

चाचांनी ती चित्रकथा उलटी-सुलटी करून पाहिली.

“हे पाठीवर काय हाये बे?”

“ते वीराचं वस्त्र आहे, चाचा. तो उडतो तेव्हा मागे फडफडतं.”

“झूल हाये हे. पोळ्याचा बैल हाये का हा?” मग मुखवट्यावर बोट ठेवलं. “अन् हे तोंड काऊन लपवून राह्यला? उधारी हाये काय गावात?”

“त्याची ओळख कोणाला कळू नये म्हणून.”

“काऊन?”

मी विषय बदलून त्याचं नाव सांगितलं. त्यांनी विद्युतकुमार हे नाव दोनदा उच्चारून पाहिलं. “म्हंजे लायनीवरचा वायरमन.”

“नाही, चाचा. तो काल्पनिक आहे.”

“पुस्तक बोलून राह्यलं पोरगं,” ते शेजारच्या सायकलवाल्याला म्हणाले.

आठ दिवसांनी गेलो तर फलकावर खरोखरच वायरमन होता. काळा, काटकुळा, खाकी अर्धी चड्डी, कमरेला दोर, खांबाच्या टोकावर. खाली सगळं गाव माना वर करून उभं. मला रडू यायचं बाकी राहिलं.

“चाचा, हा विद्युतकुमार नाही.”

“तुह्या गावात लाईट कोनं आणला? ह्या गोऱ्यानं आणला का? सांग ना. खांबावर कोन चढला होता?”

खरं म्हणजे आमच्या गावात दिवा लागला त्या दिवशी खांबावर चढलेल्या माणसाकडे आम्ही तसंच पाहिलं होतं. ते चित्र चांगलंच होतं. पण मी हे कबूल केलं नाही. म्हटलं, “वीर गोरापान, रुबाबदार पाहिजे. मुखवटा पाहिजे. मागे वस्त्र पाहिजे. आणि त्याने काहीतरी धावतं यंत्र हाताने थांबवलेलं पाहिजे.” मी हे चारही मुद्दे कागदावर लिहून दिले. त्यांनी कागद नीट वाचला, घडी करून टोपीत ठेवला आणि म्हणाले, “पक्कं. मुखवटा, झूल, यंत्र. गुरुवारी घेऊन जा.”

गोरेपणाचा उल्लेख त्यांनी गाळला हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला समजणार नाही. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की माझी माय खामगावात मावशीकडे येऊन राहायची आणि तिथल्या कापसाच्या कारखान्यात, जीनमध्ये, कामाला जायची. सरकी काढायच्या यंत्रात कापूस लोटायचा, दिवसभर. नाकातोंडात रुई जाते म्हणून तिथल्या बाया डोळ्यांखाली फडकं बांधतात. संध्याकाळी सुटल्या की भुवया पांढऱ्या. वसतिगृहात मी सांगितलं होतं की वडील शेती करतात आणि आई घरी असते. मायला म्हटलं होतं, “कॉलेजाकडे येऊ नको. मीच येत जाईन.” मी दर रविवारी मावशीकडे जायचो. माय कॉलेजाकडे कधी फिरकली नव्हती.

कापसाच्या गाठींवर मार्का रंगवायला चाचा त्याच जीनमध्ये जात असत. हेही मला ठाऊक होतं. पण या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या.

गुरुवारी सकाळी फलक तयार होता. त्यावर बाई होती.

कालवलेल्या गेरू-काजळीचा तोच रंग. नाकातोंडावर बांधलेलं फडकं, म्हणजे मुखवटा. डोक्यावरून पाठीवर सोडलेली पोत्याची खोळ, पावसात शेतात घेतात ती, वाऱ्याने मागे फडफडत होती. ती झूल. लुगड्याचा काष्टा घट्ट, पायांत जोडवी, भुवयांत रुई. आणि तिने डाव्या हाताने यंत्राचा धावता पट्टा धरून थांबवला होता. खाली चाचांनी लिहिलं होतं, 'इजाबाई'. विजेला आमच्याकडे ईज म्हणतात.

“तुहं सारं हाये यात,” चाचा म्हणाले. “कागद काढून मिळवून पाह्य.”

मी त्या डाव्या हाताकडे पाहत होतो. त्याचं पहिलं बोट अर्धंच होतं.

“हे बोट?”

“जसं हाये तसं काढलं. जीनात हाये एक बाई. दोन वर्साखाली एका पोरीचा पदर पट्ट्यात गेला. सारे वरडत उभे. हिनं हात घातला. बोट गेलं, पोरगी राह्यली. लगन झालं आता त्या पोरीचं.” त्यांनी कुंचला फडक्याला पुसला. “तुह्या गोऱ्यानं आगगाडी थांबवली म्हणते. पाह्यली कोनं? हे तं म्या पाह्यलं.”

मायने मला सांगितलं होतं की बोट विळ्याने गेलं, गवत कापताना. त्या वर्षी मी मॅट्रिकला होतो.

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, चाचा, ती माझी माय आहे. मी म्हणालो, “उद्घाटन उद्या आहे. आता वेळ नाही. काय करणार.” आणि निघताना, ते सायकलवाल्याकडे चहा सांगायला गेले असताना, फळीवरचा न उघडलेला डबा पिशवीत टाकला.

दुपारी खोलीत दार लावून मी ते काम केलं. आधी चेहरा, म्हणजे दिसत होता तेवढा. मग दंड. मग पाय. रंग चिकट होता आणि खालचा काळा वर येत होता, म्हणून दोन हात द्यावे लागले. 'इजाबाई' पुसून 'विद्युतकुमारी' लिहिलं. बाईचा पुरुष करणं मला जमण्यासारखं नव्हतं. शेवटी डावा हात राहिला. अक्षर चांगलं असलं की माणसाला वाटतं चित्रही येईल. मी ते बोट पूर्ण केलं.

शुक्रवारी पाहुणे आले, पडदा सरकवला, टाळ्या झाल्या. सर म्हणाले, “स्त्रीशक्ती. कल्पना छान आहे.” दोन मुलांनी पाठीवर थाप मारली. मला हवं होतं ते सगळं झालं.

दुपारी चाचा आले. धुतलेला सदरा, केसांना तेल. त्यांच्यामागे जेवणाच्या सुट्टीत निघालेल्या जीनमधल्या तीन बाया, फडकी गळ्यात ओढलेली, केसांत रुई. चाचांनी त्यांना सांगितलं होतं, चला, कॉलेजच्या भिंतीवर तुमच्यातली एक आहे. तिघींत मधली माझी माय.

मी फलकापाशीच उभा होतो. चार-पाच मुलंही होती. मायने मला पाहिलं. मग एखाद्या परक्या मुलाकडे पाहावं तशी नजर काढून घेतली. तिने चित्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आपला डावा हात पदराखाली घेतला आणि शेजारणीला म्हणाली, “चांगली हाये. पण हे कोन व्हय?”

“पेंटर, तुम्ही तं म्हणत होते...” शेजारीण बोलायला लागली आणि थांबली.

चाचा फलकाच्या अगदी जवळ गेले. बोटाने रंग चाचपला. अजून ओला होता. तो गुलाबी रंग त्यांनी सवयीप्रमाणे स्वतःच्या हातावर, कोपराखाली ओढून पाहिला. पट्टा लांबूनही दिसत होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“काऊन?”

मी छापील मराठीत काहीतरी म्हणालो. काय ते आता आठवत नाही. सुट्टी संपत आली म्हणून बाया निघाल्या. मायने वळून पाहिलं नाही.

रविवारी मावशीकडे गेलो. मायने भाकरी वाढली आणि मी तोंड उघडायच्या आधी म्हणाली, “चुकलं बा माहं. तू सांगतलं होतं येऊ नको म्हणून. पण थो पेंटर लय मागं लागला. म्या कोनाले सांगतलं नाई, तू माहा हाये म्हणून.”

मी विचारलं, “माय, बोट कशानं गेलं?”

“सांगतलं ना तुले. विळ्यानं.” आणि तिने माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

पुढे मी चाचांकडे जात राहिलो. त्यांनी रागवावं असं मला फार वाटायचं. ते रागवले नाहीत. त्यांनी चहा पाजला, एका पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ विचारला आणि मी सांगितलं त्याच्या उलट लिहिला. इतका वैताग आला की बरं वाटलं. डबा मी गुपचूप फळीवर परत ठेवला होता. आता त्याचं झाकण उघडलेलं होतं, बाजूने ओघळ सुकलेला. त्यांनी तो कधी वापरलाही नाही आणि टाकलाही नाही. दुकानात बसलं की तो बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायचा. मुद्दाम ठेवला होता की काय, मला सांगता येणार नाही.

शेवटची परीक्षा झाली. नागपूरला नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी दुकानात गेलो तर दुकान बंद. सायकलवाला म्हणाला, “जीनाच्या भिंतीवर काई करून राह्यले. पैसे घेतले नाई म्हणते, रंगही घरचाच.” मी तिकडे गेलो. रस्त्याकडच्या लांब भिंतीवर, शिडीवर उभे राहून ते रंगवत होते. दोन पुरुष उंचीची बाई, तोच रंग, तीच खोळ, तेच फडकं. डाव्या हाताचं काम चाललं होतं. मी खाली उभा राहिलो. त्यांनी वळून न पाहता म्हटलं, “तुह्या मायले सांगजो, बोट आता बरोबर काढलं.”

त्यांना कधीपासून ठाऊक होतं, कोणी सांगितलं, हे विचारायचं राहिलं. मोटारीची वेळ झाली होती. मी “हाव, सांगतो” म्हणालो. त्यांच्यासमोर मी आमच्या बोलीत बोललो तो 'हाव' एवढाच शब्द.

मायला मात्र मी ते सांगितलं नाही. भिंत तिच्या रोजच्या वाटेवरच होती, असं मी स्वतःला समजावलं.

गेल्या आठवड्यात मावसबहिणीचं पत्र आलं. ती सातवीत आहे आणि माझ्या मायला मोठीमाय म्हणते. पत्र मायने सांगितलेलं आणि हिने लिहिलेलं, पण शेवटी हिने आपल्या मनाचं थोडं घातलं आहे. ते तसंच उतरवतो.

'दादा, पेंटरचाचा पोळ्याच्या आधी वारले. मोठीमाय म्हणे तुले कळवू नको, तुहं मन कामावरून उडीन, म्हणून तवा नाई लिहिलं, आता लिहून राह्यली. जीनात नवीन मॅनेजर आले. त्याहीनं साऱ्या भिंतीले चुना मारायले सांगतला. चुनेवाला इजाबाईपाशी आला तं मोठीमाय जेवन सोडून पुढं जाऊन उभी राह्यली. मंग बाकीच्या बाया. चुनेवाला म्हणे, बाई, सरका, मॅनेजरचा हुकूम हाये. मोठीमायनं तोंडावरचं फडकंही काढलं नाई. फक्त काऊन म्हणलं. चुनेवाल्याले काई सांगता आलं नाई. थो संध्याकाळवरी बसून होता. बादलीतला चुना वाळून गेला.'